दोनदा नाही म्हटल्याची पदवी

तीर्थरूप बोर्गिल्ड आत्या,

तुला माझा आणि तुझ्या भाचेसुनेचा, कोरिनचा, वाकून नमस्कार (कोरिन म्हणते 'वाकून' फक्त तुझाच लिही, दारातलं बर्फ उपसून तिची कंबर धरली आहे). अ‍ॅरिझोनाच्या उन्हात तुझा गुडघा आता कसा आहे? मिनेसोटात सगळं क्षेम आहे. तळं चांगलं गोठलं आहे, ट्रक घेऊन थेट मधोमध जाता येतं आणि तिथून परतही येता येतं. मला काही नको आहे हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे तुला उगाच धास्ती नको.

बातमी अशी की तुझा भाचा अर्विड व्यवसायशास्त्राची पदवी घेतो आहे. हसून झालं की पुढे वाच. कॉलेजात वगैरे जायचं नाही. घरी पुस्तक वाचायचं, परीक्षाकेंद्रात जाऊन संगणकासमोर बसायचं, पास झालं की त्या विषयाची क्रेडिट खिशात. अशी पुरेशी साठली की देशाच्या त्या टोकाला एक विद्यापीठ आहे, ते उरलेले एकदोन विषय टपालाने करून घेतं आणि पदवी देतं. वर्गात हात वर करायला नको, की कुणासमोर आपलं अज्ञान उघडं पडायला नको. शिवाय या परीक्षेत काहीच आलं नाही तरी वीस गुण मिळतातच. ही मुरवत पाहून मला वाटलं, परीक्षा काढणारा नक्की आपल्याकडचाच असणार.

हे खूळ डोक्यात शिरलं ते तुझ्या भाडेकरूमुळे. रोझाली डीफॅझिओबाईंनी न्यू जर्सीहून येऊन आमचं आमिषाचं दुकान विकत घेतलं आणि राहायला तुझं घर भाड्याने घेतलं, हे तुला ठाऊकच आहे. शाळा संपल्यापासून मी त्याच दुकानात गांडुळं आणि गळाला लावायचे बारके मासे विकतो. उन्हाळ्याच्या शेवटी बाई गल्ल्यापाशी येऊन म्हणाल्या, "अर्विड, तुम्ही मॅनेजर व्हाल का?"

मी म्हटलं, "छे छे, मी कसला मॅनेजर!"

"नक्की?"

"नको हो. दुसरं कुणी बघा. मला साधी डिग्रीसुद्धा नाही."

आता आपल्यातलं माणूस असतं तर पुढे काय झालं असतं ते तुला सांगायला नको. आपण कॉफीचा कपसुद्धा तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय घेत नाही. ताटातली शेवटची लिंबाची वडी अर्धी, मग पाव, मग नखाएवढी कापत राहतो, पण संपवत नाही. मी तिसऱ्या विचारण्याची वाट बघत होतो, "बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर" हे वाक्य जिभेवर तयार होतं. बाई म्हणाल्या, "बरं, ठीक आहे," आणि गळ मोजायला निघून गेल्या! न्यू जर्सीत म्हणे नाही म्हणजे नाहीच. ही माणसं एकमेकांच्या घरी जेवतात तरी कशी?

कोरिन म्हणाली, "उद्या जा आणि सांग, मला हवंय म्हणून."

"तोंडावर? हवंय म्हणून? मी काय हावरट आहे?"

"मग बस गांडुळं मोजत."

तेव्हा मी विचार केला. नकाराचं कारण मी डिग्री सांगितलं होतं. डिग्री आली की कारण संपलं, आणि कारण संपलं की बाईंना पुन्हा विचारणं भाग आहे. तोंडाने सरळ हो म्हणण्यापेक्षा चार वर्षांची पदवी मला खरंच सोपी वाटली. (कोरिन यावर बोलली ते चर्चला जाणाऱ्या बाईला लिहिण्यासारखं नाही.)

पहिला विषय विपणन. त्यात लिहिलं होतं की गिऱ्हाईक काय बोलतं ते सोडा, त्याला काय हवं आहे ते ओळखा. डीफॅझिओबाईंकडे हीच पदवी आहे, पण हा धडा झाला त्या दिवशी त्या वर्गात नसाव्यात. मी पास झालो. मग हिशेबशास्त्र. परीक्षेच्या बाईंनी विचारलं, "आकडेमोडीला कागद देऊ?" मी म्हटलं, "नको नको, कशाला त्रास." त्यांनी दिला नाही! सगळे घसारे आणि ताळेबंद बोटांवर केले, बोटं संपल्यावर बूट काढले. शेजारच्या मुलीने जागा बदलून मागितली. पण पास झालो.

आपटलो ते व्यवस्थापनात. आत्या, गेली कित्येक वर्षं दुकान खरं चालवतोय कोण? मीच. आणि प्रश्न काय, तर कामगार रोज उशिरा येत असेल तर व्यवस्थापकाने प्रथम काय करावं. म्हणे त्याच्याशी स्पष्ट बोलावं. स्पष्ट! आमचा डेल्मर रोज उशिरा येतो, म्हणून मी दुकानातलं घड्याळच मागे करून ठेवलं आहे. डेल्मर आता वेळेवर येतो, फक्त निम्मं गाव मासे धरायला उशिरा पोचतं. मी प्रत्येक प्रश्नाला कुणाचंही मन दुखणार नाही असं उत्तर निवडलं आणि पडद्यावर नापास उमटलं. आता तीन महिने पुन्हा बसता येत नाही. तेवढ्यात इकडे मिनिआपोलिसचा एक पदवीधर येऊन गेला. तो गांडुळाला 'उत्पादन' म्हणतो आणि दोन बोटांच्या चिमटीत धरतो. तळ्यावरचं बर्फ फुटलं की बाई त्यालाच नेमणार. तसं माझं काही बिघडत नाही. नवा माणूस, नवे विचार, आपण काय, टाकीतले मेलेले मासे वेचत राहू.

असो. तू गुडघ्याची काळजी घे. मला काही नको.

तुझा आज्ञाधारक,
अर्विड

ता. क. डीफॅझिओबाई तुला दर आठवड्याला घर गरम करायच्या भट्टीच्या कुरबुरीसाठी फोन करतात ना? बोलता बोलता सहज सांग की आमच्या अर्विडला एखादी गोष्ट तिसऱ्यांदा विचारली की तो नाही म्हणत नाही. (तुला फोन मीच केला असता, पण फोनवर मागणं म्हणजे तोंडावर मागितल्यासारखंच.)

ता. क. २. दुकानात बसून पाकीट चिकटवणार तेवढ्यात बाई स्वतः आल्या. पुस्तक बघून म्हणाल्या, "डिग्री करताय? मग मॅनेजर व्हायचंय का?" मला वाटलं, आली तिसरी वेळ! पण डेल्मर मागून कुजबुजला की मधे हिवाळा आला तर मोजणी पहिल्यापासून धरतात. त्याचं म्हणणं खरं असलं तर ही पहिलीच वेळ, आणि पहिल्याच वेळी हो म्हणायची पंचाईत, म्हणून मी आपलं म्हटलं, "छे छे, सहजच वाचतोय." बाई "बरं" म्हणून गेल्या.

ता. क. ३. आत्या, मला ती जागा हवी आहे. फार हवी आहे. लिहिताना कान लाल झाले, पण लिहिलं. मला काही नको असं वर मी दोनदा म्हटलं आहे, मोजून बघ. तिसऱ्यांदा म्हणत नाही.