चढली नव्हती, चढला होता

ती. सौ. मामीस,

धाकट्या भाच्याचा वाकून नमस्कार. तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळा नमस्कार (एकट्या डाव्याला केला तर उजवा रुसून ठणकायला लागेल, त्याचा स्वभाव मला माहीत आहे). तुझी तब्येत कशी आहे, गेलेलं मांजर परत आलं का, वरच्या मजल्यावरची बाई अजून खाली पाणी सांडते का, हे सगळं मी फोनवरच विचारणार होतो. पण आमचा नंबर दिसला की तू फोन कापतेस. म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसलोय. माझं शुद्धलेखन तुला माहीतच आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस. फक्त पुढे एका वेलांटीचा प्रश्न येणार आहे, तेवढी मात्र चष्मा लावून वाच.

पहिलं म्हणजे मामा प्यायलेला नाही. आणि मी त्याला पाजलेली तर अजिबात नाही. त्या फोनवर तू जे ऐकलंस ते सगळं खरं होतं, पण तुला जे कळलं ते सगळं खोटं होतं. आता असं कसं होईल म्हणशील, तर होतं. सुरुवातीपासून सांगतो, मधूनच सांगितलं की काय गोंधळ होतो ते आपण बघितलंच.

हे सगळं सुरू झालं तुझ्याच स्वयंपाकघरात. तुला आठवत असेल, पण रागात असलीस की तुला सोयीचं तेवढंच आठवतं, म्हणून परत लिहितो. मामा म्हणत होता, गुडघ्याच्या वाट्या बदलायला डॉक्टरांनी सांगितलंय तर बदलून घे. तू म्हणालीस, लग्नात आलेल्या वाट्या मी अजून बदलल्या नाहीत, तर जन्मताना आलेल्या कशाला बदलू? मामा म्हणाला, अगं जरा हिंमत कर. मग तू जी सुटलीस! हिंमतीच्या गोष्टी सांगतंय कोण, आख्खी नोकरी बसच्या स्टिअरिंगमागे बसून काढली, कोपऱ्यावरून साबण आणायचा तरी शेजारच्याला हाक मारतात. मामा उठला. स्वतःचं ताट उचलून नळाखाली ठेवलं (हे त्याने पहिल्यांदाच केलं, मला तेव्हाच संशय यायला हवा होता) आणि म्हणाला, जंगलातून लाइटहाऊसपर्यंत ती चालणाऱ्यांची वाट जाते ना, ती मी पायी संपवतो, मग करशील ऑपरेशन? तू म्हणालीस, संपवा, करीन. पण एकदा जरी गाडीत पाय ठेवलात तर विषय बंद. आणि पंच म्हणून बरोबर धाडलंस कोणाला, तर मला. चोराच्या हातात तिजोरीच्या किल्ल्या म्हणतात ते हेच.

पहिले काही दिवस छान गेले. मामा चालतो कसा हे तू बघायला पाहिजे होतंस. वळण आलं की हात बाहेर काढतो. उतार लागला की मला ओरडतो, न्यूट्रलमध्ये जाऊ नकोस. मागून कोणी भरभर आलं की बाजूला होऊन हाताने खूण करतो, जा पुढे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वाटेत कोणी नुसतं उभं असलं की हा थांबतो. समोरचा याच्याकडे बघतो, हा समोरच्याकडे बघतो, त्याला चढायचं नाहीये हे लक्षात आलं की मग हा निघतो. एक दोन-काठ्यावाला गृहस्थ भेटला होता, दोन्ही हातात चालायच्या काठ्या, डोक्यावर टोपी आणि टोपीवर दुसरी टोपी. त्याने मला हळूच विचारलं, हे असे का थांबतात हो? मी म्हटलं, हळू बोला, ते या वाटेचे इन्स्पेक्टर आहेत, साध्या वेशात फिरतायत. बस्स. त्या दिवसापासून आमच्या पुढे पुढे ही बातमी चालत गेली. जिथे मुक्कामाला जावं तिथे चादरी धुतलेल्या आणि मामाला खिडकीजवळची खाट. मामा म्हणायचा, काय सज्जन माणसं आहेत रे या वाटेवर. मी म्हणायचो, हो ना.

मग एके दिवशी सकाळपासून मामा काही नीट दिसेना. ऊन मस्त पडलेलं आणि याने स्वेटर घातलेला, वरून माझाही स्वेटर घातलेला. डोळे लाल. मी म्हटलं, मामा, बरं नाही का? म्हणाला, चढ आहे, चढावर इंजिन तापतंच, पाणी घातलं की झालं. आणि घटाघट पाणी प्यायला. मामी, ती वाट एवढी सपाट होती की तिच्यावर पोळी लाटली असती. मी त्याचा हात धरून बघितला तर हात कसला, तवा. म्हटलं, थांबूया. तर म्हणे, मध्येच गाडी उभी करायची नसते, पॅसेंजर काय म्हणतील? थोडं पुढे गेल्यावर दोन्ही बाजूला झाडं दाट झाली, तर हा त्यांना म्हणायला लागला, पुढे सरका, पुढे सरका, आत रिकामंच आहे. एका वाकलेल्या झाडाला तर दमच दिला, मावशी, दारात उभ्या राहू नका.

आता विचार कर माझी काय अवस्था झाली असेल. या माणसाला "तू आजारी आहेस" म्हणून उपयोग नाही, तो तुझ्याशी पैज लावून आलाय. ओढून नेणार म्हटलं तर तो माझ्या दुप्पट. समोर मुक्कामाचं घर दिसत होतं आणि हा ते ओलांडून पुढे चालला होता. मग मी एक केलं. मधोमध वाटेत बसलो, पोट धरलं आणि बोंब ठोकली, मेलो मेलो! तुला सांगतो, त्या क्षणी मामा शुद्धीवर आला. लगेच माझी पिशवी उचलली, म्हणाला, पोराला बरं नाही, आजचा मुक्काम इथेच. स्वतःसाठी एक पाऊल थांबला नसता. माझ्यासाठी थांबला.

ते घर एक बाई सांभाळतात, सगळे त्यांना मुक्कामबाई म्हणतात. आवाज असा की त्यांनी खोलीत हाक मारली की बाहेरची कोंबडी उडते. त्यांनी एका खाटेवर मला निजवलं. मामा शेजारी खुर्चीत, दात वाजवत, माझ्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवतोय. पट्टी त्याच्या हातातच वाळायची. मला खायला बंदी, पोट दुखतंय ना! बाजूच्या स्वयंपाकघरात कांदा तळला जात होता आणि मी इकडे पातळ भाताच्या पाण्यावर. आजारपणाचं सोंग करायचं तर निदान डोकेदुखीचं करावं, पोटाचं कधी करू नये, एवढा अनुभव घेतला.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. तरुणच होत्या, पण नजर अशी की क्ष-किरणाची गरज नाही. माझ्या पोटावर टकटक केलं, माझ्या तोंडात थर्मामीटर घातलं, बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी मामाकडे खूण केली. त्यांनी एकदाच मामाकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, हे थर्मामीटर बिघडलेलं दिसतंय, काका, जरा तुमच्या तोंडात धरता का, चेक करायला? मामा म्हणाला, धरतो की, चेकिंग पाहिजेच. आणि गेला ना पकडला! त्यानंतर खाटा बदलल्या. तो खाटेवर, मी खुर्चीत. (मला जेवायला मिळालं. तळलेल्या कांद्यासकट.)

आता तो फोन. तुला कळवायलाच हवं म्हणून मुक्कामबाईंनी स्वतःच फोन लावला, स्पीकरवर. लाइन खराब, अर्धे शब्द इकडेच गळून पडत होते. त्या म्हणाल्या, तुमच्या यजमानांना चांगलाच चढलाय, उतरायचं नाव घेत नाही. चढलाय, मामी! ताप चढतो, तो. दुसरी चढते, ती. मला शाळेत व्याकरणाच्या बाईंनी बाकावर उभं केल्याशिवाय तास सुरू होत नसे, पण एवढं मलाही कळतं. आणि तू काय ऐकलंस? चढलीय! एका वेलांटीपायी ज्याने नोकरीत कधी खोकल्याचं औषधसुद्धा वास घेतल्याशिवाय घेतलं नाही, त्या माणसाची अब्रू गेली. तू विचारलंस, कशावरून म्हणता? बाई म्हणाल्या, अहो बडबडतायत, झाडांना पुढे सरका म्हणतायत. तू विचारलंस, अजून घेतायत का? बाई म्हणाल्या, हो, दर चार तासांनी, पाण्याबरोबर. तू विचारलंस, देतंय कोण? बाई कौतुकाने म्हणाल्या, भाचाच देतो बिचारा. एक शब्द खोटा नाही! मग तू जे बोललीस ते मी भिंतीला टेकून ऐकलं. उतरल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही आणि ऑपरेशनचा विषय संपला. बाई फोन ठेवून मला म्हणाल्या, तुझी मामी फार कडक आहे रे, आजारी माणसालासुद्धा सोडत नाही.

मामाचा ताप आता उतरलाय (उतरला, काना). अंगात शक्ती नाही, पण चिडचिड परत आलीय, म्हणजे बराच आहे. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासून सांगितलं, पुढची वाट खरी चढाची आहे, आता चालायचं नाही, गाडीने घरी जायचं. गाडी याच घराच्या दारावरून जाते. मामा खिडकीत बसून ती रोज बघतो, ड्रायव्हरने गिअर कसा टाकला यावर नाक मुरडतो, पण बसायचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करतो. मी म्हटलं, मामा, पंच मी आहे, मी मामीला सांगतो, लाइटहाऊसला हात लावून आलास. माझ्यावर असा खेकसला! म्हणाला, खोटं सांगून तिला ऑपरेशनच्या टेबलावर झोपवू? उद्या तिला काही दुखलंखुपलं तर? मी चालणार. बसत बसत जाईन, पण चालणार.

आणि एक गोष्ट. तापात तो झाडांशीच बोलत नव्हता. एकदा म्हणाला, ती जिन्याच्या मधल्या पायरीवर बसते, कोणी आलं की पदर सारखा करून दाखवते की सहज बसलेय, कोणाची तरी वाट बघतेय. म्हणाला, मी खाली दारात उभा राहतो, ती उठेपर्यंत वर जात नाही. तिला कळायला नको.

मला वाटायचं मामा बाहेर उभा राहून पेपर वाचतो.

असो. घरातल्या सगळ्यांना नमस्कार, मांजर आलं असेल तर त्यालाही.

तुझा लाडका (असं मीच ठरवलंय)
भाचा

ता. क. : मामाने पत्र मागितलं होतं वाचायला. मी वेगळं एक लिहून दाखवलं, त्यात फक्त हवा-पाणी आहे. त्याला आवडलं.

ता. क. दुसरा : मुद्द्याचं राहिलंच. काल दुपारी मी तुझ्या आवाजात हॉस्पिटलला फोन केला. मध्ये मध्ये "अहो, ऐकताय ना" घातलं, पलीकडच्या बाईंना जराही शंका आली नाही. तुझ्या गुडघ्यांची तारीख मिळालीय. त्या तुला पक्कं विचारायला फोन करणार आहेत. तेव्हा नुसतं "हो" म्हण. जास्त बोलू नकोस, नाहीतर आवाज वेगळा वाटेल.

ता. क. तिसरा : मामाला मी सांगितलंय की तुझा फोन आला होता, तू अट सोडलीस आणि आपणहून तारीख घेतलीस. तो उठला, चादरीची घडी घातली, बूट पुसले आणि मुक्कामबाईंना विचारलं, उद्याची गाडी किती वाजता? तेव्हा हे पत्र आजच्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतोय, आम्ही उद्याच्या गाडीत आहोत. दारात पाय ठेवल्यावर तो तुला पहिलं तेच विचारणार. आम्ही पोचायच्या आत तेवढं खरं करून ठेव.