तीन-डीचं उत्तर

३ मार्च
विद्यापीठाचं पत्र आलं. खालच्या मजल्यावरच्या मुलीला दिसत नाही — तिचे पदार्थविज्ञानाचे पेपर मी लिहायचे. अट एकच: लेखनिकाला विषय येता कामा नये. मला कुठला येतोय! तीस वर्षं कचेरीत टंकलेखन केलं. दुसऱ्यांची वाक्यं बडवली, बस्स.

११ मार्च
रोज सकाळी तिला पुस्तक वाचून दाखवते. आज अणूतल्या इलेक्ट्रॉनचा कोनीय संवेग. डोकं भणभणलं. ती हसली. "सोपंय हो, मावशी! ऑर्बिटल म्हणजे इलेक्ट्रॉन सापडायची जागा. एस ऑर्बिटलला शून्य, पीला एक, डीला दोन. तो आकडा म्हणजे एल. एलला त्याच्या पुढच्या आकड्यानं गुणा, वर्गमूळ घ्या, पुढे एच-बार, तो ठरलेला स्थिरांक. झालं!"
मग एसचं उत्तर शून्य? इलेक्ट्रॉन फिरतच नाही?
"गोल गोल फिरतो हे चित्रच सोडा. मी ते कधी पाहिलंच नाही, मला सोडायला सोपं गेलं."

१९ मार्च
पंचाईत झाली. मला कळायला लागलंय.

२ एप्रिल
पेपर. खोलीत आम्ही दोघी आणि पर्यवेक्षक. प्रश्न: तीन-डी ऑर्बिटलमधल्या इलेक्ट्रॉनचा कोनीय संवेग काढा. ती घाईत होती. "एल बरोबर तीन. तीन चोक बारा, बाराचं वर्गमूळ..."
तीन कसा? तो तर कवचाचा आकडा. डीला दोन! सहाचं वर्गमूळ!
पण लिहिलं. सांगितलं तेच लिहिलं.
शेवटी म्हणाली, "वाचून दाखवा." वाचलं. "एल बरोबर..." — इथे अडखळले. मुद्दाम? शपथेवर सांगता येत नाही.
तिनं मान वर केली. मग, "खोडा. दोन. सहाचं वर्गमूळ."
पर्यवेक्षक खिडकीबाहेर बघत होते.

३ एप्रिल
दोनदा जिन्यापर्यंत गेले, परत आले.

४ एप्रिल
खाली जाऊन अडखळल्याचं सांगून टाकलं.
"तुम्ही थांबलात तेव्हाच कळलं मला," ती म्हणाली.
मग बोलली का नाहीस?
"कारण उत्तर हवं होतं मला." आवाज अगदी खाली गेला होता.

६ एप्रिल
स्वतः विद्यापीठात जाऊन आली. त्या प्रश्नाचे गुण धरू नका, असं सांगून आली. वडील भडकले — "कुणी विचारलं होतं तुला?" मला जिन्यात ऐकू आलं. खाली जायचा धीर झाला नाही.

१४ जून
निकाल. तीन गुणांनी नापास. तो प्रश्न पाच गुणांचा होता.

१६ जून
ती वर आली. "पुन्हा बसतेय, मावशी. एक अर्ज लिहून द्या."
ती सांगत गेली, मी लिहीत गेले: लेखनिक बदलून मिळावा, ही विनंती.
सहीची जागा दाखवायला तिचा हात धरला. सही झाली तरी तिनं तो सोडवला नाही.