हात कोरडा निघाला तरच

मयूरीची आई,

मागच्या ब्रेकची रबरं आणायला बसने नंदुरबारला चाललोय. अँबॅसिडर विटांवर चढवून ठेवली आहे. संध्याकाळी देवळातला अमृत कीर्तनाच्या बुवांना आणायला गाडी मागेल, त्याला दुसऱ्या कुणाची जीप बघायला सांग.

परवा तू विचारलंस, "हाई चाक काबर रडी ऱ्हायनं?" मी म्हटलं, "गाडी धुयेल शे, पानी शे ते." पाणी नव्हतं गं. महिनाभर ब्रेकचं तेल गळत होतं आणि मी गुपचूप वरून भरत होतो. काठी गावची होळी आपल्याच गाडीतून जाऊन पाहायची, हा माझा हट्ट.

आज सकाळी ड्रम उघडले आणि हात जोडून खालीच बसलो. दोन्ही चाकांची रबरं फाटलेली, लायनर तेलात भिजलेले, ब्रेकतेलाच्या डबीत उरलेलं चमचाभर तेल. अशा गाडीने आपण काल होळीहून परतताना देवगोई घाट उतरलो! वळणावर बैलगाडी आडवी आली तेव्हा मयूरी बाळाला घेऊन मागे बसली होती, आणि गाडी बैलांच्या शिंगांपाशी थांबली. तू म्हणालीस, "भारी डायवर शेतस तुम्ही."

तो मी नव्हतो. कीर्तनात बुवा 'देवाची कृपा' म्हणाले की मी नुसती मान डोलावतो, आज ती तेलकट बोटांनी चाचपली. पुन्हा तिची परीक्षा नको.

किल्ली तुझ्या पोथीखाली आहे. काम झाल्यावर तूच चाकामागे हात फिरव. हात कोरडा निघाला तरच किल्ली दे, मी कितीही गोड बोललो तरी.

सुपडू