गिअर P मध्ये होता

अप्पा,

आधी जे झालं ते क्रमाने लिहिते.

१. तुम्ही गेलात त्या दुपारी गाडी रेणापूरहून लातूरला येणाऱ्या रस्त्याच्या कडेला उभी सापडली. लोकांनी तुम्हाला जीपमधून दवाखान्यात नेलं. उपयोग झाला नाही; डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक.
२. दुसऱ्या दिवशी काका गाडी आणायला गेले. इंजिन सुरू झालं, पण गिअरचा दांडा हलेना.
३. काकांनी ती ट्रॅक्टरला दोर बांधून घरापर्यंत ओढत आणली.
४. त्यानंतर ती कधीच धड चालली नाही. घरात ठरलं, की गिअरने दगा दिला आणि अप्पा वाटेत अडकले.
५. काल मी तो गिअरबॉक्स उघडला.

मी आता नांदेडला असते, एका वर्कशॉपमध्ये. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची कामं माझ्याकडे येतात. गाडी इतकी वर्षं काकांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. आता शेड पाडायची आहे, तर काका म्हणाले, भंगारात देऊ. मी निघाले तेव्हा आई दारापर्यंत आली आणि म्हणाली, "नेऊन बघ तरी एकदा. त्या दिवशी काय झालतं तिला, तेवढं सांग मला. मग द्या कुणालाबी." म्हणून मी ती ट्रकवर चढवून आणली, चारही चाकं रस्त्यापासून उचलून.

डाव्या पायावर सळई पडल्यापासून तुम्हाला क्लच दाबता येत नव्हता, म्हणून तुम्ही हैदराबादहून ही जुनी ऑटोमॅटिक आणलीत. गल्लीत तशी दुसरी नव्हती. काका तिला चार चाकांची स्कुटी म्हणायचे आणि तुम्ही म्हणायचात, चालवून दाखव की मग. त्यांनी कधी चालवली नाही. डावा पाय रिकामा ठेवून बसणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. मला मात्र तुम्ही शिकवलंत. औशाच्या बाहेर एक मोकळं माळरान आहे, तुम्ही शेजारच्या सीटवर बसला आहात, आणि गाडी अजून पुढे सरकत असतानाच मी दांडा R मध्ये, म्हणजे रिव्हर्सला, ओढते. तुम्ही ओरडत नाही. हात पुढे करून इंजिन बंद करता आणि म्हणता, "पूर्ण थांबल्याबिगर R न्हाई, P बी न्हाई. ती वरडत न्हाई म्हणून तिला काही होत न्हाई, असं न्हाई." मग घर येईपर्यंत एक शब्द नाही. तुमचं रागावणं तसंच असायचं. आम्हाला घरात भांड्यांच्या आवाजावरून कळायचं, की आज अप्पा बोलत नाहीत.

अशा गाडीत बिघाड शोधताना मी आधी तेल बघते. गिअर घसरत असेल तर आतल्या क्लचप्लेटी जळतात, तेल काळं पडतं, जळका वास येतो. तुमच्या गाडीचं तेल जुनं आहे, पण अजून लालसर आहे आणि वास नाही. प्लेटी शाबूत आहेत. तेलाच्या पॅनच्या तळाशी मात्र धातूचा चुरा होता, आणि शाफ्ट तापून निळा पडला आहे. ऑटोमॅटिकमध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून चाकं रस्त्यावरून ओढली, की आतले भाग कोरडे फिरतात. गिअरबॉक्स खराब झाला तो ट्रॅक्टरमागे ओढताना. आदल्या दुपारी तो चांगला होता. दांडा हलेना, त्याचंही कारण साधं आहे. P मधून, म्हणजे पार्किंगमधून, तो काढायला ब्रेक दाबून धरावा लागतो, आणि काकांना ते माहीत नव्हतं. दांड्याशेजारच्या लहान झाकणावर स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे आहेत. तिथून कुणीतरी लॉक सोडवून न्यूट्रल केला असणार.

म्हणजे गाडी तुम्ही थांबवलीत. पूर्ण थांबवून दांडा P मध्ये टाकलात, चावी काढलीत. ती तुमच्या शर्टाच्या खिशात मिळाली होती, आणि या गाडीची चावी P शिवाय निघत नाही.

तुमचा फोन शेजारच्या सीटवर होता. त्यावरून त्या दुपारी कुणालाच फोन गेलेला नव्हता. आईचं यावर एकच उत्तर असतं: गिअरशी झटापट करण्यात वेळ गेला त्यांचा, फोन कधी करतील. त्या सकाळी तुमचं तिच्याशी बोलणं बंद होतं. वरण खारट झाल्यावरून सुरू झालेलं, मग लांबलेलं. तुम्ही डबा न घेता निघालात; तो ओट्यावर तसाच होता. हे ती कधी बोलत नाही. गाडीला बोलते.

वर्कशॉपमधल्या उस्तादांनी शाफ्ट हातात फिरवून पाहिला आणि माझं निदान बरोबर आहे म्हणाले. मग त्यांनी विचारलं, आईला काय सांगणार? मी म्हणाले, जे दिसतंय ते. त्यांनी हात पुसले. "बेटा, ती गिऱ्हाईक हाय काय?"

गिअर घसरला, एवढं म्हटलं की झालं. काका मान हलवतील, गाडी भंगारात जाईल आणि कुणी पुन्हा उघडून बघणार नाही. खरं सांगितलं तर काकांच्या वाट्याला एक गिअरबॉक्स येईल. आईच्या वाट्याला ती अख्खी दुपार येईल. मी आजवर चुकीचं निदान कुणालाही लिहून दिलेलं नाही, आणि ही सवय मोडायची कशी ते मला माहीत नाही.

हे पत्र कुठे टाकता येत नाही, हे मला कळतं. तरी एक सांगते. शाफ्ट निळा दिसला तेव्हा मला काकांचा राग आला नाही. तुमचा आला. गाडी नीट कडेला लावायला तुम्हाला वेळ होता.

आई आणि काका रविवारी येताहेत. तुम्ही त्या दुपारी रागाने गप्प होतात, की बोलवतच नव्हतं, एवढंच मला हवं आहे. शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा.