गॅलरी सांगून पडत नाही

सर,

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेजात होते तेव्हा तुम्ही रोज समोर असायचात, आणि पुढे नांदेडातच नोकरी लागली म्हणून पत्राची गरज पडली नाही. तुम्ही गेलात तेव्हा माझी मुलगी रांगत होती. आता ती डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला आहे. मधे लातूरला जे झालं ते ऐकायला घरात माणसं आहेत, ऑफिसातही आहेत. पण सांगता सांगता मधेच त्यांची नजर हलते. ही बाई अजून तिथंच अडकलीय, असं त्यांना वाटतं ते मला दिसतं. तुम्हाला तसं वाटलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

भूकंपानंतर तुम्ही आम्हा शेवटच्या वर्षाच्या मुलांना जीपमध्ये कोंबून औशाच्या बाजूला नेलंत. जमीनदोस्त गावांकडे जवान आणि गावकरी होते. तुम्ही म्हणालात, पडलेल्या घराची भीती संपलेली असते, आपण उभी घरं बघायची. वर्गात मी एकटी मुलगी, हदगावहून आलेली, पायात स्लिपर. तुम्ही माझ्या पायांकडे बघितलंत आणि जीप थेट लातूरच्या बाजारात थांबवलीत. कापडी बूट घेतलेत, माझ्या मापाला थोडे मोठेच. "पडक्या घरात चपलांवर जायचं नसतं, बेटा. पळायची वेळ आली तर पाय फसायला नको." हवेत फिनाईलचा आणि चितांच्या धुराचा वास होता.

त्या गावातलं बियाणांच्या दुकानदाराचं दुमजली घर तुम्हाला आठवत असेल. मला तर रोज आठवतं. खालच्या भिंतीला साधी चीरही नव्हती. मालक अभिमानानं सांगत होता, "बघा सर, आमच्या घराला काय बी झालं न्हाई." त्याच्याकडे पडलेल्या गावांतून नात्यातल्या बायका आल्या होत्या. छपराखाली बसायची त्यांना इतकी धास्ती होती की त्या सगळ्या वरच्या गॅलरीत येऊन बसल्या होत्या, डोक्यावर आभाळ होतं म्हणून. मांडीला मांडी लावून, लेकरांना कुशीत घेऊन. तुम्ही वर बघितलंत आणि तुमचं बोलणं थांबलं. तुम्ही ओरडला नाहीत. सावकाश जिना चढून गेलात, दाराशी उभे राहिलात, आणि चहा खाली ठेवलाय असं सांगून एकेकीला हाताला धरून आत घेतलंत. चहा खाली नव्हताच. शेवटची म्हातारी आत आल्यावर तुम्ही चौकटीत बसलात आणि हातोडीनं गॅलरीची फरशी वाजवू लागलात. कडेला टणटण वाजत होती. हातोडी भिंतीजवळ आली तसा आवाज बसला. बद्द.

तुम्ही तिथली फरशी उचकटलीत. खाली भिंतीला समांतर एक भेग होती. मी वाकून बघितलं आणि पुस्तकात वाचलेलं म्हणून टाकलं, की ही तर केसाएवढी आहे. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "केसाएवढी? जा, खाली आपल्या आईला उभी कर आणि मग सांग मला." सगळ्या मुलांसमोर. मला रडू आलं होतं. तुम्ही त्या दाराला आडव्या फळ्या ठोकायला लावल्यात आणि मालकाला बजावलंत की खालच्या गल्लीतूनही कोणी जायचं नाही. त्यानं मान डोलावली, पण त्याला ते पटलं नव्हतं.

पुढच्या फेरीला आपण तिथं गेलो, तेव्हा गॅलरी नव्हती. मधे जमिनीला बारीकसे हादरे बसले होते, त्यात ती गेली होती. गल्लीत ढिगारा, आणि वरच्या मजल्यावर फळ्या ठोकलेलं एक दार, ज्याच्या पलीकडे काहीच नाही. कोणाला खरचटलंही नव्हतं. मालक तुमच्या पाया पडायला वाकला, तुम्ही त्याला धरून उभं केलंत. आम्हाला वाटलं, आता सर काहीतरी बोलतील, शिकवतील. तुम्ही जीपमध्ये जाऊन बसलात.

नांदेडला परत आल्यावर तुम्ही आम्हाला घरी जेवायला बोलावलंत. तुमच्या पत्नींनी, आम्ही सगळे त्यांना अम्मीच म्हणायचो, खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा केला होता, वर तळलेले पापड. आम्ही सगळे स्वयंपाकघरातच पाटांवर बसलेलो. तुम्ही मधेच उठलात, एक रिकामं ताट ओट्यावर ठेवलंत आणि अर्ध्याहून जास्त बाहेर सरकवलंत. आतली कड एका हातानं दाबून धरलीत आणि बाहेरच्या कडेवर एक कांदा ठेवलात, मग दुसरा. छत दोन्हीकडून टेकलेलं असतं, तुम्ही सांगत होता, ते थकलं तर वाकतं, गळतं, पोपडे टाकतं, माणसाला उठायला वेळ देतं. गॅलरी एकाच हातानं धरलेली असते. तिचा जीव वरच्या अंगाच्या सळयांत असतो, आणि पाणीही वरूनच मुरतं, फरशीखाली, जिथं कोणाची नजर जात नाही. खालून रंग दिला की ती नवी दिसते. मग तुम्ही हात काढून घेतलात. ताट आणि कांदे फरशीवर आदळले, अम्मी दचकल्या आणि तुमच्यावर रागावल्या. तुम्ही कांदे गोळा करत म्हणालात, "गॅलरी सांगून पडत नाही. म्हणून आपण जाऊन विचारायचं असतं. दर वर्षी."

लातूर तुम्ही आता ओळखणार नाही. डाळमिलची धूळ तीच आहे, पण चौकाचौकात पहिल्या आलेल्या मुलांचे घरापेक्षा मोठे फोटो आहेत. क्लासच्या गल्ल्यांमध्ये प्रत्येक घर वर वर चढत चाललंय. खोल्यांवर खोल्या, आणि प्रत्येक खोलीला रस्त्यावर डोकावणारी गॅलरी. माझी मुलगी दहावीनंतर तिथं शिकायला गेली. तिला सोडायला मी गेले, ती इमारत निलंग्याकडच्या एका काकूंची. यजमान गेल्यापासून त्या मुलींचं हॉस्टेल चालवत होत्या, स्वतः स्वयंपाक करत होत्या, आजारी मुलीच्या उशाशी बसत होत्या. मी इमारत किती जुनी म्हणून विचारलं. काकू म्हणाल्या, "भूकंपात काय बी झालं न्हाई याला, मॅडम." सर, तेच वाक्य.

घर भूकंपातून वाचलं होतं हे खरं, पण वरचे मजले आणि गॅलऱ्या नंतरच्या होत्या. मुलीच्या खोलीबाहेरच्या गॅलरीत जुन्या फरशीवर नवी फरशी बसवलेली, कोपऱ्यात पाण्याचं भरलेलं पिंप, दोऱ्यांवर ओले कपडे. उतार भिंतीकडे होता, पाणी तिथंच साचायचं. खालून ताजा पिवळा रंग. मी पर्समधून हातोडी काढली तशी मुलगी कानाशी येऊन म्हणाली, "आई, इथं नको ना." मी वाजवलं. दाराजवळ आवाज बसला. काकू शेजारी उभ्या होत्या. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. दोन आवाजांतला फरक त्यांनी ऐकला आणि त्यांचा चेहरा उतरला. मिस्त्री बोलावून फरशी उचकटली. भेगेत काळी ओल होती, आणि सळई बोटानं खरवडली तर पापुद्रे निघत होते. काकूंनी एवढंच विचारलं, की पोरी कपडे कुठं वाळत घालतील. त्याच दिवशी खालून टेकू लागले, दारांना कुलपं लागली, आणि पुढे त्यांनी सगळ्या गॅलऱ्या पाडून तिथं लोखंडी जाळ्या बसवल्या. मुलींनी माझं नाव गॅलरीवाली आई ठेवलं. माझी मुलगी कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलत नव्हती.

शेजारची इमारतही मुलींचं हॉस्टेल, काकूंचे वरचे मजले चढवणाऱ्या मिस्त्रीनंच बांधलेली. तशीच उताराची गॅलरी, तसाच खालून नवा पिवळा रंग. मी मालकांना भेटले. सज्जन माणूस. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, ही बॅच संपू द्या, मग बघून घेऊ, तोवर गर्दी होऊ देत नाही. मी पुढे फोनही केला. त्यांनी उचलला, हो म्हणाले. त्यानंतर मी लातूरला मुलीकडे जाई तेव्हा त्या गॅलरीकडे न बघता पुढे जाऊ शकत नसे. कधी तिच्यावर चादरी असत, कधी एखादी मुलगी पुस्तक घेऊन येरझाऱ्या घालत पाठ करत असे. मी रस्त्यावर उभी राहून तिच्याकडे बघत राही. तिला वाटे, कोणाची तरी आई वाट बघतेय.

डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या निकालाच्या दिवशी मी लातूरलाच होते. दुपारची वेळ. काकूंच्या स्वयंपाकघरात ताट वाढलेलं. गल्लीच्या तोंडाशी बँड वाजू लागला. कोणत्या तरी क्लासचा मुलगा पहिला आला होता, त्याची उघड्या जीपमधून मिरवणूक. आमच्या मुली जाळीपाशी धावल्या, तिथून नीट दिसेना म्हणून जिना उतरून रस्त्यावर गेल्या. मी ताटावरून उठले. का उठले ते माहीत नाही. बाहेर येऊन बघते तर शेजारची गॅलरी भरलेली. मुलींच्या मागे मुली, मागच्या पुढच्यांच्या खांद्यावर हात टेकून वाकलेल्या, ओढण्या हलवतायत, गुलाल उडतोय. आणि माझी मुलगी त्या गॅलरीच्या बरोबर खाली उभी आहे, मान वर करून वरच्या मैत्रिणीशी बोलतेय. तिच्या केसांवर पिवळी धूळ पडत होती. तिला तो गुलालच वाटला असेल.

मी तिचा हात धरून तिला रस्त्याच्या मधोमध ओढलं. मग वर बघून ओरडले, आत जा, आत जा. बँडमध्ये माझं मलाच ऐकू येत नव्हतं. एका मुलीनं माझ्याकडे बघून हात हलवला. मग गॅलरी गेली, सर. मोठा आवाज झाला नाही. बाहेरची कड खाली झुकली, ताट झुकतं तशी, आणि सगळं एकदम खाली आलं. बँडवाले पुढे होते, त्यांना कळलंच नाही, ते वाजवतच राहिले.

खूप मुली जखमी झाल्या. एक गेली. उदगीरकडची होती, वडील एसटीत ड्रायव्हर. ते ड्यूटीवरूनच आले, खाकी कपड्यांत. दवाखान्याच्या व्हरांड्यात कोणीतरी त्यांना सांगितलं असावं की या बाई इंजिनिअर आहेत, यांना आधीपासून माहीत होतं. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आवाज अगदी हळू होता. "ताई, तिथं उभं राहू नको म्हणून माझ्या लेकीला कोणी सांगितलं होतं का?"

मी म्हणाले, "मालकांना सांगितलं होतं."

ते म्हणाले, "लेकीला?"

मी मान हलवून नाही म्हणाले. त्यांनी मान डोलावली, एखाद्याला पत्ता विचारावा आणि तो कळावा तशी, आणि बाकावर जाऊन बसले. मी त्यांच्या शेजारी बसले.

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मी त्या गल्ल्यांमध्ये जाते. सुरुवातीला लोक स्वतःहून बोलवायचे, आता पुन्हा मलाच दारं वाजवावी लागतात. पण आता मी मालकांशी नंतर बोलते. आधी मुलींना जमवते. त्यांच्या हातात हातोडी देते, भिंतीपासून कडेपर्यंत वाजवायला लावते, कठड्याचे पाय हलवून बघायला लावते, पाणी कुठं थांबतं ते दाखवते. काही हसतात. काहींना त्या दोन आवाजांतला फरक लगेच कळतो, आणि त्या न सांगता दोन पावलं मागे सरतात. मालक म्हणतात, मॅडम, पोरींना कशाला घाबरवता. मी म्हणते, घाबरू द्या.

माझी मुलगी या सगळ्यातून पास झाली. तिला कॉलेज लांबचं मिळालंय, हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर खोली. ती तिथं गेली तेव्हा मी तिच्याबरोबर गेले नाही, तीच नको म्हणाली.

हे पत्र कुठं टाकायचं? अम्मी लेकीकडे हैदराबादला गेल्या आणि तिकडेच वारल्या. तुमचं नांदेडचं घर पाडून तिथं क्लासची इमारत उभी राहिलीय, चार मजली. मी तिच्यासमोरून जाते तेव्हा वर बघते, आणि अजून कोणी मला आत येऊ दिलेलं नाही. पाकीट आणलं होतं, ते तसंच राहू दे.

फक्त एक सांगते. परवा मुलीचा फोन आला होता. अभ्यास, मेसचं जेवण, मैत्रिणी, सगळं बोलून झालं. खोलीला गॅलरी आहे का, हे मी विचारलं नाही. ठेवता ठेवता तीच म्हणाली, "गॅलरी वाजवून बघितली, आई. चांगली आहे." म्हणाली आणि हसली. ते हसणं खरंच वाजवून बघितलेल्या माणसाचं होतं, की मला झोप लागावी म्हणून होतं, ते मला ओळखता आलं नाही, सर. आणि मी तेही विचारलं नाही.