पाठमोरं बसून पाहिलेली फायनल

जूयबार,
मेहर महिन्याची अठरा तारीख

तीर्थस्वरूप इस्कंदरदादांना धाकट्या नौरूजचा वाकून सलाम.

तुमची सावली आमच्या डोक्यावर अशीच राहो, आणि त्या बंदरावरच्या उकाड्याचा तुमच्या गुडघ्यांना तरी काही उपयोग होवो. वहिनींचा खोकला थांबला का? तुम्ही पाठवलेली खजुराची पेटी पोचली. (वरचा थर पोचला असं म्हणतो. खालचा थर सनोबरच्या घरी आहे. तो मी दिला की तिनं उचलला, यावर आम्हा भावाबहिणीचं अजून एकमत झालेलं नाही.) इकडे सगळे खुशाल आहेत. मीही खुशालच म्हणायचा, फक्त गेले सोळा दिवस दुकानाचं पुढचं दार उघडलेलं नाही. मागच्या दारानं आत येतो, रजयांच्या ढिगामागे बसून टाके घालतो आणि बाहेरून कोणी हाक मारली की श्वास रोखून धरतो. हे पत्रही तिथूनच लिहितोय. अक्षर हललेलं दिसेल. त्याला थंडी कारण नाही, थंडी अजून पडायची आहे.

दादा, मला भीती वाटते. मला लहानपणापासूनच वाटते हे तुम्हाला माहीत आहे. (विहिरीत वाकून बघ म्हणालात तेव्हा मी तिथंच भोकाड पसरलं होतं आणि तुम्ही ती गोष्ट माझ्या लग्नात सगळ्यांना सांगितली होती. राग नाही.) पण ही भीती वेगळी आहे. तुम्ही तीस वर्षांमागे दक्षिणेत गेलात, तिकडची माणसं फुटबॉलमागे धावतात, त्यामुळे आपल्या गावाचं काय झालंय याची तुम्हाला कल्पना नसणार. इथं पोरगं रांगायच्या आधी कुस्तीचा पट काढतं. भातलावणीला वाकलेल्या बायका ओणव्यानंच दुहेरी पटाचे दोष काढतात. जागतिक स्पर्धेच्या आठवड्यात तर लोक मरायचंही पुढे ढकलतात. आणि अशा गावात, दादा, माझा डोळा खारट आहे असं ठरलंय. मी बघितलं की आपला पहिलवान हरतो.

आधी मीही हसलो होतो. पण पुरावा बघा. यदुल्लाच्या चहाच्या दुकानात मी लागोपाठ तीन फायनली बघितल्या, आणि तिन्ही आपण शेवटच्या अर्ध्या मिनिटात घालवल्या. चौथ्या वेळी मी मधेच नान आणायला उठलो आणि परत येतो तो लोक टेबलावर नाचतायत. झालं! तेव्हापासून आपला कोणी फायनलला गेला की यदुल्ला मोठ्या मायेनं माझ्या खांद्यावर हात ठेवतो, "नौरूज, भट्टीवर जाऊन गरम नान घेऊन ये बाबा, तुझ्यासारखा नान कोणाला निवडता येत नाही." मीही मोठ्या मानानं जातो. नानवाल्याकडंही भट्टीशेजारी छोटा टीव्ही आहे, म्हणून तिथं मी रांगेकडं तोंड आणि भट्टीकडं पाठ करून उभा राहतो. (एकदा त्यांनी उलटा प्रयोगही केला. मला पुढे बसवलं आणि सांगितलं, फक्त परक्या निळ्याकडं बघ, आपल्या लालकडं ढुंकूनही बघू नकोस. निळा जिंकला. तेव्हापासून प्रयोग बंद आहेत.)

आपला नसला की मात्र माझा डोळा गोड. म्हणून मी परक्यांच्या कुस्त्या बघतो, सगळ्या बघतो. जॉर्जियाच्या, तुर्कांच्या, जपानी पोरांच्या, पहिल्या फेरीत हरून घरी गेलेल्या न्यूझीलंडच्या पोरांच्यासुद्धा. बावीस वर्षांच्या वह्या आहेत माझ्याकडे. कोण कोणत्या पायानं पुढे येतो, कोणाचा दम कधी सुटतो, कोण हरायला लागला की कान चोळतो. लोक म्हणतात वेळ जात नाही त्याला. खरंय. पण गाव ज्या गोष्टीसाठी जगतं तिच्यात आपला काही वाटा असावा असं मलाही वाटतं, आणि आपल्या माणसांकडे बघायची तर मला बंदी.

आता मूळ गोष्ट. आपला बुर्झू, सनोबरचा धाकटा, तुम्ही सुट्टीवर आला होतात तेव्हा मांडीवर बसून ज्यानं तुमचा चष्मा मोडला होता तो, चौऱ्याहत्तर किलोत जागतिक स्पर्धेच्या फायनलला गेला. बातमी आली तेव्हा मी सुई बोटात टोचून घेतली. आनंदानं नव्हे. आजवर दुसऱ्या आयांची पोरं माझ्या डोळ्यानं हरत होती, आता घरचं पोरगं समोर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सनोबर दुकानात. "भाऊ, फायनलला आमच्याकडंच यायचं हं." आता सख्ख्या भावाला बोलावलं नाही तर गाव नावं ठेवील, म्हणून ती आली होती हे मला कळत होतं. मी रीतीप्रमाणे म्हटलं, नको, कशाला तुला त्रास. ती म्हणाली, त्रास कसला, घर तुझंच आहे. मी म्हटलं, नको गं, कामं पडलीत. ती म्हणाली, कामं काय पळून जातात? मी तिसऱ्यांदा नको म्हटलं. दादा, तिसऱ्या नकाराला काय करायचं असतं हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. चौथ्यांदा आग्रह करायचा, हाताला धरायचं, शपथ घालायची. आणि आपली सनोबर, जी गॅसची टाकी आणणाऱ्यालाही जेवल्याशिवाय सोडत नाही, ती म्हणाली, "बरं, तुझी मर्जी." आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही सुटल्यासारखं दिसलं की मला कळून चुकलं. माझी बहीण मला घाबरते. आणि मग माझ्या तोंडून काय निघावं? "तू एवढं म्हणतेस तर येतो."

ती एवढं म्हणतच नव्हती. म्हणायची थांबली होती. पण शब्द गेला तो गेला. आमंत्रण मागं घेता येत नाही आणि होकारही मागं घेता येत नाही. तिचा चेहरा दळलेल्या तांदळासारखा पांढरा पडला होता, माझाही पडला असणार. मग ती उरलेला खजूर घेऊन गेली. (म्हणून खालचा थर.)

फायनलच्या संध्याकाळी मी मुद्दाम उशिरा गेलो आणि दाराजवळ जोड्यांपाशी बसलो. पण आपल्या शीरजादला, म्हणजे सनोबरच्या नवऱ्याला, आग्रहाची सवय जाईल का? मेव्हणा दाराशी बसलाय म्हणजे त्याची लाज गेली. "छे छे, नौरूजभाऊ, वर बसा, वर!" मी नाही म्हणतोय, तो ओढतोय, मी दाराची चौकट धरून ठेवलीय, आणि खोलीतली पंचवीस माणसं मनातल्या मनात माझ्या बाजूनं ओढतायत. शेवटी शीरजादनं मला मानाच्या जागी नेऊन बसवलं. मानाची जागा टीव्हीच्या बरोबर समोर. खोलीत असं सुतक पसरलं की टीव्हीवरचा निवेदकही मला हळू बोलल्यासारखा वाटला. मग शेजारच्या गौहरखानम पुढे झाल्या. "भाऊ, ही उशी घ्या. ती भिंतीकडं तोंड करून बसायला फार बरी पडते." त्या बाईचं भलं होवो. मी वळलो.

समोर भिंतीवर बाबांचा फोटो होता. आपले बाबा, मिशीला पीळ दिलेले, आणि मी त्यांच्यासमोर मांडी घालून, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. सनोबरला तेवढ्यानंही धीर येईना. तिनं इस्पंदाचे दाणे निखाऱ्यावर टाकले आणि दृष्ट काढायला माझ्या डोक्यावरून धूर ओवाळायला लागली. सात वेळा ओवाळायचं असतं, ती मोजायची विसरली. पहिली फेरी संपेपर्यंत खोलीत इतका धूर झाला की टीव्ही कोणालाच दिसेना. सगळे खोकतायत, डोळे पुसतायत, "गुण कोणाचा? गुण कोणाचा?" करतायत. मग कोणीतरी खिडकी उघडली. धूर गेला आणि बाबांच्या फोटोच्या काचेवर, बरोबर बाबांच्या छातीवर, टीव्ही लख्ख दिसायला लागला.

आता तुम्हीच सांगा, काचेतलं बघणं हे बघणं आहे का? मी घाबरून डोळे मिटले. उघडले. मिटले. बाबांच्या छातीवर माझा भाचा खेळत होता, दादा, आणि काय खेळत होता! चार-दोननं पुढे. समोर जॉर्जियाचा वाझा. पंचवीस सेकंद उरलेली. आणि वाझानं कमरेवर हात ठेवले.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाच सांगतो. मला माहीत होतं. माझ्या वहीत लिहिलेलं आहे: "वाझा हरायला लागला की दमल्याचं सोंग करतो, कमरेवर हात ठेवतो, आणि समोरचा ढिला पडला की डावा घोटा धरतो. चार वेळा पाहिलं." उन्हाळ्यात बुर्झू माझ्या दुकानात याच ढिगावर लोळत संत्री खात होता. मला सांगता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण भीती वाटली की खारट डोळ्याच्या माणसानं तोंड उघडलं तर तेही बाधेल. मी त्याला आणखी एक संत्रं सोलून दिलं.

वाझानं डावा घोटा धरला. चार-चार, आणि शेवटचे गुण त्याचे, म्हणजे कुस्तीही त्याचीच. आपल्या वस्तादांनी दाद मागायला तो मऊ ठोकळा मॅटवर फेकला, पंचांनी पुन्हा बघितलं, दाद फेटाळली, वर दंडाचा एक गुण आणखी त्याला गेला. पाच-चार. पंचवीस माणसं वळून माझ्या पाठीकडं बघत होती. मला ते काचेत दिसलं. गौहरखानम तेवढ्या म्हणाल्या, "पाठमोरा होता हो बिचारा." कोणीतरी म्हणालं, "समोर काच आहे." मी उठलो आणि एका पायात माझा आणि एका पायात शीरजादचा जोडा घालून मागच्या गल्लीनं पळालो. (तो जोडा अजून माझ्याकडे आहे. परत करायला जायची छाती होत नाही.)

तेव्हापासून असा आहे. बुर्झू चांदीचं पदक घेऊन आला, वेशीवर मेंढा कापला, ढोल वाजले, मी रजयांमागून ऐकले. तो सनोबरला विचारत होता म्हणे, मामा कुठाय. कोणत्या तोंडानं जाऊ? लोकांना वाटतं मी बघितलं म्हणून तो हरला. मला माहीत आहे की मी बोललो नाही म्हणून हरला. पहिलं माफ होण्यासारखं आहे.

असो. तुमच्याकडची समुद्राची हवा सांध्यांना चांगली असते असं ऐकतो. माझेही सांधे हल्ली दुखतात. वहिनींच्या हातचं चिंचेतलं माशाचं कालवण आठवतं. तुमच्या पायाची धूळ,

नौरूज

ता. क. सांधे दुखत नाहीत. पुढच्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेच्या आठवड्यात मला तुमच्याकडे ठेवून घ्याल का? टीव्ही नसलेली खोली चालेल. यदुल्लानं बसच्या तिकिटाचे पैसे द्यायची तयारी दाखवली आहे, दोन्हीकडच्या नव्हे, फक्त जाण्याच्या.

ता. क. पाकीट बंद करायच्या आधी हे लिहितो. मघाशी बुर्झू येऊन गेला. मागच्या दारानं. मी रजईखाली शिरलो, पण एका पायात शीरजादचा जोडा होता तो बाहेर राहिला. वह्या पडल्या होत्या, त्या तो चाळत बसला. मग वाझाच्या पानावर थांबला. "मामा, हे तुला ठाऊक होतं?" मी रजईतूनच हो म्हटलं. "मग बोलला का नाहीस?" म्हटलं, भीती वाटली रे. त्यानं ते पान पुन्हा एकदा वाचलं. मला वाटलं, आता वही फाडणार. तर रजई बाजूला करून म्हणाला, "भीती मलापण वाटते. दर वेळी वाटते. पुढच्या वेळी तू माझ्याबरोबर चल. वस्तादांच्या मागं बस, डोळे उघडे ठेव, आणि दिसलं की ओरड." दादा, त्यानं एकदाच विचारलं. मला तीनदा नाही म्हणायचं सुचलंच नाही. पासपोर्टसाठी फोटो काढून आलो. सगळ्यांत डोळे मिटलेले आहेत, उद्या पुन्हा जायचंय.

ता. क. तेव्हा कृपा करून उलट टपाली लिहा की तुमच्या घरी अजिबात जागा नाही. मोठ्या अक्षरात लिहा, सनोबरला आणि यदुल्लाला दाखवायचंय, आणि रात्री पाय मागं ओढायला लागले की मलाही वाचायचंय. रीत म्हणूनसुद्धा "घर तुझंच आहे" असं चुकून लिहू नका. हल्ली मी पहिल्याच बोलावण्याला हो म्हणतो.