टेलला दिलेला शब्द

मामा, गेल्या आठवड्यात पुन्हा एकदा तुमच्या जिवावर टाळ्या मिळवल्या. पाटबंधारे खात्याला अलीकडे प्रशिक्षणाचा नाद लागलाय. नव्या अभियंत्यांना ‘प्रभावी संवाद’ शिकवायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात घातलंय, का तर म्हणे मी बोलतो चांगला. समोर तीसेक पोरंपोरी, भिंतीवर पडदा, आणि मी सांगतोय, “आमच्या कालव्यावर पाणी वाटणारे एक पाटकरी होते.” तुमची गोष्ट मी बरोबर एका ठिकाणी थांबवतो आणि टाळ्या तिथेच पडतात. या वेळी मात्र मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “सर, त्या मामांचं पुढे काय झालं?” मी म्हटलं, “रिटायर झाले.” तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. चहा घ्यायला बसतो आणि उठतो. बायको विचारते काय झालंय, तर तिच्यावरच खेकसतो. म्हणून हे लिहायला बसलोय.

तुम्हाला आठवतो का मी तेव्हाचा? डिप्लोमाची शाई वाळलेली नाही, पायात कडक बूट, नारायणगावात एका खोलीत भाड्याने राहणारा शाखा अभियंता. तुम्ही पन्नाशी ओलांडलेले, डोक्याला टोपी, खांद्यावर खोरं, कमरेला कालव्यातून फुटणाऱ्या चारीच्या दारांच्या चाव्या. कागदोपत्री मी तुमचा साहेब होतो. पहिल्याच उन्हाळ्यात तुम्ही येऊन सांगितलंत की वरच्या अंगाचे बागायतदार पाळी संपली तरी दार बंद करू देत नाहीत आणि चारीच्या शेवटाला, टेलला, पाण्याचा थेंब पोचत नाही. मी ताबडतोब नोटीस लिहिली. कलमं घातली, दंडाचं लिहिलं, खाली लफ्फेदार सही ठोकली आणि देवळाच्या भिंतीवर चिकटवायला तुमच्याकडे दिली. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, वाचली का लोकांनी? तुम्ही गंभीर चेहऱ्याने म्हणालात, “वाचली की साहेब. समदे म्हनले, साहेबाचं अक्षर लई भारी हाय.” दार तसंच उघडं होतं.

मग तुम्ही मला तुमची पद्धत दाखवलीत. सकाळची वेळ आहे. तुम्ही त्या वरच्या बागायतदाराच्या बांधावर जाऊन बसताय, पाण्याचा विषयही काढत नाही. त्याच्या बैलाची चौकशी, पोरीच्या सोयरिकीची चौकशी, तंबाखू. मी घड्याळ बघतोय. मग तुम्ही उठता आणि म्हणता, “चला पाटील, जरा खालपतूर जाऊन येऊ. एकट्याला कट्टाळा येतो.” तो निघतो. चारीच्या कडेने आपण तिघं चालतोय, दूर खोडदच्या बाजूला दुर्बिणीच्या त्या पांढऱ्या छत्र्या आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत. पहिल्या मैलात ऊस डोक्याएवढा आहे. मग कमरेएवढा. मग पिवळा. टेलला पोचलो तेव्हा एक माणूस टोमॅटोच्या झाडांना बादलीने पाणी घालत होता, एकेका झाडाला तांब्या-तांब्या. तुम्ही त्याला रामराम घातलात आणि शेताच्या कडेला उकिडवे बसलात. बागायतदार थोडा वेळ इकडे तिकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मामा, माघारी गेलं की दार पाड राव.” माझ्या नोटिशीने जे झालं नव्हतं ते पाच मैलांच्या पायपिटीने झालं. “म्या कुणाला सांगत न्हाई साहेब,” परत येताना तुम्ही म्हणालात, “म्या चालवतो. डोळ्यांनी बगितलं की मानूस सोताच सोताला सांगतो.”

मी माझी गोष्ट इथे थांबवतो, मामा. टाळ्या इथेच पडतात.

लोक तुमच्याबरोबर चालायचे त्याला अजून एक कारण होतं, ते मला फार उशिरा कळलं. तुम्ही वर पठारावरच्या आणे गावचे. तुमच्या पठाराला कालव्याचं पाणी चढत नाही. तुमच्या घरी हंडाभर पाण्यासाठी बाया रांगा लावतात आणि तुम्ही खाली येऊन दुसऱ्यांची शेतं भिजवता, याचं मला वाईट वाटायचं. एकदा तुमच्या त्या कालव्यावरच्या चौकीत तुम्ही भाकरी थापत होतात, मी समोर पोत्यावर बसलो होतो, तेव्हा मी तसं बोललो. तुम्ही हसलात. “उलटं हाय साहेब. माझी इथं एक गुंठा जमीन न्हाई, सोयरंधायरं न्हाई. म्या काय बी बोललो तरी लोकास्नी ठावं असतं, ह्यात मामाचं काय भिजनार न्हाई. तेवडाच माझा धंदा.” त्या दिवशी तुम्ही मला मिरचीच्या ठेच्याबरोबर दोन भाकरी वाढल्यात आणि बूट बाहेर काढायला लावलेत. साहेबाला बूट काढायला सांगणारा खात्यात तुमच्याशिवाय दुसरा कोणी नव्हता.

आता ते पुढचं. दोन उन्हाळे गेले आणि धरणात पाणी कमी असलेला तो तिसरा उन्हाळा आला. टेलच्या लोकांनी तुमच्या भरवशावर टोमॅटो लावला होता, झाडं फुलावर होती. एका सोमवारी वरून आदेश आला: आवर्तन अर्ध्यावर बंद करा, टेलला पाणी जाणार नाही. मी तो वाचला, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. वाटलं, चार दिवसांत वरचे लोक निर्णय बदलतील. खरं सांगतो, मला घेरावाची भीती वाटली. शेजारच्या शाखेतल्या साहेबाला लोकांनी भर उन्हात दोन तास उभं केल्याचं नुकतंच ऐकलं होतं. मंगळवारी तुम्ही ऑफिसात आलात. बाहेरच खोरं ठेवून आत आलात, उभे राहिलात. “साहेब, टेलवाले इचारत्यात. शेजारचा हिरीवाला पाणी देतो म्हनतोय, पर माल निम्मा मागतोय. काय सांगू?” मी म्हटलं, “सांगा, चार दिवसांत पाणी येतंय.” “पक्कं का?” “पक्कं.” तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघितलंत. मग टोपी नीट केलीत आणि निघालात. त्यांनी तुमचं ऐकलं. विहिरीवाल्याला नाही म्हणून सांगितलं.

आठवड्याभरात फुलं गळली, दहा दिवसांत झाडं करपली. गावाने बैठक बोलावली, आमचे मोठे साहेब आले, देवळाच्या सभामंडपात सतरंजी घातली होती. तो बादलीने पाणी घालणारा माणूस उभा राहिला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तुम्हालाच म्हणाला, “मामा, तुमाला कोन म्हनलं पाणी येनार म्हनून?” तुम्ही माझ्याकडे वळून बघितलंत. मला फक्त तीन शब्द बोलायचे होते, मामा: मी सांगितलं होतं. मी फाईल उघडली आणि कागद चाळायला लागलो. काय चाळत होतो देव जाणे. मग तुमचा आवाज आला, “कोनी न्हाई. माझ्या मनानं बोललो. अंदाज चुकला.” मोठ्या साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि मीसुद्धा टाकला. दोन दिवसांनी तुम्हाला मेमो गेला. त्याचा मसुदा माझा होता.

तुम्हाला त्या चारीवरून काढून गोदामावर राखणीला बसवलं. त्यानंतर तुमच्याबरोबर कोणी चाललं नाही, आणि गोदामावर कुणाला चालवत न्यायला चारीही नव्हती. मी एकदा भेटायला आलो, शब्द जुळवून आलो होतो, “मामा, त्या दिवशी” एवढं म्हटलंही. तुम्ही मला पुढे बोलू दिलं नाहीत. “मला येकच वाटतं साहेब,” तुम्ही म्हणालात, “न्हाई येनार म्हनून सांगायचं व्हतं मला. म्या सांगितलं आसतं. शिव्या खाल्ल्या आसत्या, मला काय त्याचं. लोकांनी हिरीचं पाणी तरी घेतलं आसतं.” तुम्ही आयुष्यात मला एवढंच रागावलात. तुम्ही कपाळाला आठीही घातली नव्हती. मला तेव्हा राग आला, तुमचाच. माणसाने शिवी द्यावी, म्हणजे फिटतं. तो राग आजही कधीकधी येतो.

माझी बदली घोडेगावला झाली, तुम्ही निवृत्त झालात, आणि दोन-तीन वर्षांत तुम्ही गेल्याचा निरोप मिळाला. दहाव्याला मी आणे घाट चढून आलो. तुमच्या मंडळींनी, मावशींनी, मला ओळखलं, ओट्यावर घोंगडी टाकली, काळा चहा दिला. बायका आत रडत होत्या. मावशी रडत नव्हत्या. मांडीवर हात ठेवून त्यांनी मला विचारलं, “साहेब, येक इचारू का? त्येंनी त्या टेलच्या लोकांना खरंच मनानं सांगितलं व्हतं का वो? त्ये कदी बोललं न्हाईत. पर मला काय पटत न्हाई. त्यो मानूस मनाचं बोलनारा नव्हता.”

मी मान हलवली, मामा. हो अशी. तुमच्या ओट्यावर बसून, तुमच्या घरचा चहा हातात घेऊन. मावशी म्हणाल्या, “मंग त्येंचंच चुकलं म्हनायचं.”

एवढं सगळं लिहून झालं, आता हे कुठे पाठवू? खरं तर हा प्रश्नही खोटाच. मावशी हयात आहेत, आण्यातच आहेत. गाडी काढली तर दीड तासाचा रस्ता आहे. सकाळपासून दोनदा चावी हातात घेतली आणि ठेवून दिली. तुम्हाला लिहायला बसलो ते तुम्ही उलटून काही विचारणार नाही म्हणून.